खोकला नसलेली पोरं

एकाहत्तर साली मी पारोळ्याच्या दवाखान्यात नर्स होते. बेबाबाई धष्टपुष्ट पोरगं कडेवर घेऊन तिसऱ्यांदा आली आणि माझं डोकंच फिरलं. म्हणे, पोरले खोकला शे. पोर तर टेबलावरचा कापूस तोंडात कोंबून खिदळत होतं!

"याला काय धाड भरलीय? कशाला माझा वेळ खातेस?" मी खेकसले.

ती हलली नाही. बाकीच्या बाया गेल्यावर तोंडाला पदर लावून पुटपुटली, "बाई, मना आंग बाहेर येस. वरीस व्हयनं."

मला माझ्या जिभेची लाज वाटली. पडदा ओढून तपासलं, तर गर्भाशय खाली सरकलेलं. ती मात्र झोक्याला दोष देत होती. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ओली बाळंतीण असताना, माहेरी झोक्यावर बसली म्हणून गौराई देवी कोपली म्हणे. कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा जवळ आला की दुखायचं, म्हणून त्याला ढकलून द्यायची. आता सासू दुसरी सून शोधत होती.

"झोका काय करतोय! बाळंत झाल्यावर कितव्या दिवशी चाऱ्याचा भारा डोक्यावर घेतलास?"

"बाराव्या."

"मग?"

बुधवारी धुळ्याहून येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी गर्भाशय वर धरून ठेवणारं रबराचं कडं तिला आतून बसवलं. मी व्यायाम शिकवला. लघवी रोखताना आवळतो तसं आवळायचं, धरायचं, सोडायचं, दिवसातून तीनदा. मग नवऱ्याला, भटूला, बोलावून घेतलं. तो दारातच टोपी चुरगाळत उभा राहिला. मी सगळं स्पष्ट सांगितलं.

"माले वाटनं, मी तिले आवडत नही," तो हळूच म्हणाला. डोळे भरले होते त्याचे.

"आवडतोस. पण डॉक्टरीणबाई हो म्हणेपर्यंत दम धर. आणि हंडा नि भारा आता तू उचलायचा."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर भटू डोक्यावर हंडा घेऊन निघाला. गल्ली फिदीफिदी हसली, कुणी बायल्या म्हणालं. त्यानं हंडा काही खाली ठेवला नाही. दुसऱ्या सुनेचा विषय त्यानंच आईपुढे कायमचा मिटवला.

दोन महिन्यांनी आखाजी आली. बेबाबाईचं माहेर गावातच, म्हणून मीही गेले. कडुनिंबाला झोका बांधलेला, बाया गाणी म्हणत होत्या. ती दोरी धरून थबकली.

"बाई, बसू का?"

"बस की! डॉक्टरीणबाईंनीच चालेल म्हणून सांगितलंय ना?"

ती बसली आणि इतकी उंच गेली की मीच खालून "जपून!" म्हणून ओरडले. फार आनंद झाला मला. खाली उतरल्यावर ती बायांच्या घोळक्यात बराच वेळ कुजबुजत होती. भटू लांब उभा राहून पोराला खेळवत होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पाच बाया बसल्या होत्या, प्रत्येकीच्या कडेवर टुणटुणीत पोर. पहिली पदर सावरत म्हणाली, "बाई, पोरले खोकला शे."

मी पोराकडे बघितलंसुद्धा नाही. उठले आणि पडदा ओढला.