हिरव्या पावडरीचे दोन डबे

सकाळी साडेआठपर्यंत आमच्या घरात दोनच आवाज असतात. एक दुरुस्तीला आलेल्या घड्याळांचा आणि दुसरा यांच्या छातीतला. तीन वर्षांपूर्वी यांच्या हृदयात धातूची झडप बसवली. खोली शांत असली की ती टिकटिकते. "जन्मभर लोकांची घड्याळं नीट केली, आता मीच घड्याळ झालो. तू किल्ली तेवढी देत जा," असं हे म्हणतात. किल्ली म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी. झडपेवर गुठळी धरू नये म्हणून ती रोज संध्याकाळी घ्यायची, मरेपर्यंत.

ऑपरेशनच्या दिवशी मी तीन व्रतं घेतली. साडेआठला पूजा आटपेपर्यंत मौन. दिवसातून एकदाच जेवण. आणि खोटं बोलायचं नाही, थट्टेतसुद्धा नाही. पहिली दोन अंगवळणी पडली. तिसरं अवघड. शेजारीण नवा पडदा दाखवायला आणते तेव्हा मी पाणी आणायला आत जाते ती बराच वेळ बाहेर येत नाही.

चिंगी माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ती सात वर्षांची होती. तिचे दुधाचे दात माझ्या ओंजळीत पडले, तिच्या परीक्षांना मी जागले. आता चाळिशी उलटली तरी घरात पाऊल टाकलं की तिची हाक आधी मला, मग भावाला. दोन वर्षांपासून ती एका कंपनीची हिरवी पावडर विकते. वाळवलेल्या पाल्याची, वरून जीवनसत्त्वं घातलेली. प्रत्येक डब्यावर ती आपली पट्टी चिकटवते: हसरा फोटो, फोन नंबर आणि खाली 'तुमची आरोग्यसखी'.

एका दुपारी तिने दोन डबे माझ्यापुढे ठेवले. "एक तुझा, एक दादाचा. एकवेळ जेवून चिपाड झालीस नुसती. सकाळी पाण्यात एक चमचा, बस."

"सकाळी? अगं, माझा उपास मोडेल."

"औषधच समज ना! औषधाने कुठे उपास मोडतो?"

मला पटलं. औषधाला व्रतात मुभा असते, हे मी माझ्या आईकडून शिकले आहे. तरी डबा हातात घेऊन मी म्हटलं, "हे बारीक काय लिहिलंय? माझा चष्मा जवळचं दाखवत नाही."

तिने यांचा डबा उचलून शाळेतल्या कवितेसारखा घडाघडा वाचला. लोह, जीवनसत्त्वं, कसकसले पाले. "थंड आणि कोरड्या जागी ठेवावे. लहान मुलांपासून दूर ठेवावे. झालं! का आता छापखान्याचा पत्ताही वाचू?"

हे कोपऱ्यात भिंग डोळ्याला लावून बसले होते. तिथूनच म्हणाले, "वाच, वाच. तक्रार करायला उपयोगी पडेल."

मला त्या पावडरीची चव सोसेना. आठ दिवसांनी माझ्या डब्यातली उरलेली मी यांच्या डब्यात ओतली आणि रिकाम्या डब्यात समईच्या वाती ठेवू लागले. हे मात्र रोज घेत. बहिणीने आणलंय म्हणून घेत. तोंड वाकडं करून, पण घेत.

महिन्याने रक्त तपासायला जायचं होतं. आदल्या दिवशी मी चिंगीला फोन केला. "डॉक्टरांना या पावडरीचं सांगायला हवं का गं?"

ती खळखळून हसली. "वहिनी, हे काय औषध आहे? पाला तर आहे! काल काय भाजी केलीस ते सांगतेस का डॉक्टरांना?"

तेही मला पटलं. कसं पटलं, याचं आज नवल वाटतं. उपासाच्या वेळी औषध होतं, डॉक्टरांच्या वेळी भाजी झालं. एकाच माणसाच्या तोंडून, एकाच डब्याबद्दल. पण दोन्ही वेळा आवाज चिंगीचा होता, आणि तिचं बोलणं ताडून पाहण्याची सवय मला नव्हती.

तपासणीत रक्त हवं त्यापेक्षा घट्ट निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी गोळी वाढवली. पुढच्या वेळी पुन्हा तसंच. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा माझं "नाही", पुन्हा गोळी वाढली.

मग पावडर संपली. चिंगी कंपनीच्या मेळाव्याला परगावी गेली होती, त्यामुळे नवा डबा आला नाही. दहाएक दिवसांनी, सकाळच्या माझ्या मौनात, हे एका बायकी घड्याळाचं पोट उघडून बसले होते. पांढऱ्या तबकडीवर लाल थेंब पडला. मग दुसरा. नाकातून रक्त येत होतं आणि थांबत नव्हतं. पंचा भिजला, दुसरा भिजला. मी दार उघडून जिन्यात ओरडले. तीन वर्षांत मौन मोडलं ते त्या दिवशीच.

इस्पितळात रक्त थांबवायला संध्याकाळ झाली. यांचा चेहरा मेणासारखा झाला होता. तिथे औषधांची नोंद घेणारी एक बाई होती, मला मुलगी शोभेल अशा वयाची. ती खाटेशी स्टूल ओढून बसली. मी आपलं पाठ झालेलं सांगितलं, "दुसरं औषध काही नाही."

"औषध राहू द्या, काकू. सकाळी उठल्यापासून काकांच्या पोटात काय काय जातं ते सांगा. पाण्यापासून."

असं कुणी विचारलंच नव्हतं. मी पाण्यापासून सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्यात पावडर आली.

तिचं पेन थांबलं. "या पाल्यांमध्ये रक्त गोठायला मदत करणारं जीवनसत्त्व भरपूर असतं. गोळी एका बाजूला ओढत होती, पावडर दुसऱ्या बाजूला. डॉक्टरांना पावडर ठाऊक नाही, म्हणून ते गोळीचा जोर वाढवत गेले. पावडर संपली आणि पलीकडच्याने दोरी सोडली. डबा आहे का?"

शेजारणीने तो आणून दिला. बाईने फिरवून मागची बाजू पाहिली. "सूचना इथेच कुठेतरी असते," असं म्हणत तिने चिंगीच्या फोटोखाली नख घातलं. पट्टी हळूहळू निघाली. खालची ओळ तिने मला वाचून दाखवली: रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.

"पट्टी नेमकी इथेच लागावी, नशीब एकेकाचं," ती म्हणाली.

नशीबच असेल, असं मीही धरून चालले. रात्री घरी येऊन समई लावायला वातींचा डबा काढला. त्याच दिवशी आलेला, तीच पावडर. माझ्या डब्यावर पट्टी झाकणावर होती. यांचं भिंग लावून मागची बाजू पाहिली, ती ओळ उघडी, स्वच्छ. मी वात हातात धरून तशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर भेटले. मी म्हटलं, "मी तुमच्याशी दोनदा खोटं बोलले."

"तुम्हाला माहीत नव्हतं, काकू. यापुढे पाला, पावडर, गोळी, पोटात जाईल ते सगळं आधी आम्हाला सांगायचं. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे."

त्यांनी माझं खोटं मोजलं नाही. पण व्रत माझं होतं.

परवा चिंगी आली. सकाळचे आठ वाजले होते. मौन होतं. मी दोन्ही डबे तिच्यापुढे शेजारी शेजारी ठेवले आणि पूजेला बसले.

"हे काय? पट्टी कुणी काढली?" मी गंध उगाळलं. "वहिनी, सगळ्याच डब्यांवर लिहितात गं तसं. कायद्यासाठी." मी फुलं वाहिली. "मला खरंच वाटलं, दादाला ताकद येईल." मी घंटा वाजवली नाही, नुसती पुसून ठेवली. "तू ते वाचलं असतंस तर घाबरून त्याला दिलंच नसतंस! मला ठाऊक आहे ना तुझा स्वभाव." आणि मग अगदी हळू, "कंपनीत वरच्या पायरीवर जायला दोनच डबे कमी पडत होते गं."

मी काहीच विचारलं नव्हतं. ती रडायला लागली. सात वर्षांची असताना रडायची तशीच, हनुवटी आधी थरथरायची. तिचे डोळे पुसायला माझा हात उठला होता. मी तो पदरात गुंडाळून घेतला.

साडेआठ झाले. ती म्हणाली, "दादाला सांगू नकोस. माझी शपथ."

"तुझी शपथ मला घालू नकोस," मी म्हटलं. "मी आपणहून सांगणार नाही. त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"म्हणजे सांगणारच की!"

"मग त्यांनी विचारू नये म्हणून तूच देवाला सांग."

काल हे घरी आले. आज सकाळी उशाला टेकून माझी पूजा बघत होते. मी वातींचा डबा बंद केला तेव्हा म्हणाले, "या बयेचा फोटो झाकणावर किती ठसठशीत दिसतो. माझ्या डब्यावर कुठे होता गं?"

घड्याळात आठ पंचवीस झाले होते. पाच मिनिटं मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ती टिकटिक ऐकत राहिले. मग सांगितलं. कुठे होता, खाली काय होतं, सगळं.

त्यांनी पांघरूण छातीवर ओढून घेतलं. मग म्हणाले, "तुझं मौन आज संध्याकाळपर्यंत ताणलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.