खोक्यातला खेळ सापडेना

मित्रांनो, मी एक जुना स्क्रूड्रायव्हर आहे. पोलाद तापवून, ठोकून, टोकाला अधिकच्या चिन्हाचा आकार देऊन मला घडवलं तेव्हा माझी मूठ लाल होती. आता तिचा रंग कोणता म्हणावा, यावर दुकानात एकमत नाही.

दुकान दुरुस्तीचं. काका-काकू मिळून चालवतात. रेडिओ, मिक्सर, इस्त्री, सगळ्यांच्या पोटात मी डोकावून आलो आहे. एके काळी काका मला 'माझा उजवा हात' म्हणत. मग विजेवर चालणारा स्क्रूड्रायव्हर आला आणि माझ्याकडे रंगाचे डबे उघडण्याचं खातं आलं. ही बढती होती की काय, मला अजून कळलेलं नाही.

एकदा काकूंचा भाऊ नवाकोरा गेम कन्सोल घेऊन आला.

"ताई, संध्याकाळपर्यंत लपवून ठेव. लेकीचा वाढदिवस आहे. घरी ठेवला तर तिला सुगावा लागेल."

तो वळला आणि काकांनी दाराला कडी घातली.

"अहो, हात लावू नका! माझ्या भावाची वस्तू आहे."

"उद्या गिऱ्हाइकं हेच घेऊन येतील. तेव्हा काय पहिल्यांदा उघडू?"

"बिघडला तर भाचीला तोंड तुम्ही दाखवा."

विजेचा भाऊबंद चार्जिंगला होता, म्हणून बोलावणं मला आलं. झाकण निघालं आणि मी गोंधळलो. खेळ कुठे आहे? आत ताटलीएवढा पंखा. शेजारी पातळ पात्यांचा गठ्ठा, त्यातून गेलेल्या तांब्याच्या नळ्या. कोपऱ्यात वीज पुरवणारा डबा.

काकूही गोंधळल्या. "यात खेळ कुठाय?"

"त्या गठ्ठ्याखाली एक चिप आहे, तिच्यात."

"आणि बाकीचं एवढं सगळं?"

"तिला गार ठेवायला."

"म्हणजे काम करणार एकटी आणि वारा घालायला अख्खं घर. आमच्याकडे उलटं आहे."

काकांनी ते ऐकलं नाही. त्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

या दुकानाची एक रीत आहे. काका उघडतात, काकू बंद करतात. काका प्रत्येक स्क्रू कापडावर अशा जागी ठेवतात, की कापड म्हणजे मशीनचा नकाशाच. बंद करताना काकू उठून काकांच्या स्टुलावर जाऊन बसतात. पण त्या दिवशी भावाचा फोन आला, "निघालोय." घाईत काकूंनी समोरूनच मशीन आपल्याकडे फिरवलं. कापड फिरवायचं राहिलं.

मी एका उथळ भोकात लांब स्क्रू फिरवू लागलो. खाली मुख्य बोर्ड. आणखी एक वेढा दिला असता तर बोर्डाला भोक पडून भाचीचा खेळ सुरू होण्याआधीच संपला असता. मी अडलो. मी अडलो की काकूंचा हात थांबला, तेही मला नीट सांगता येणार नाही.

"अहो, हा जात नाहीये."

"जोर लाव."

"जोर लावून तुम्ही त्या इस्त्रीचं काय केलंत, ते ठाऊक आहे." त्यांनी मला मागे फिरवलं, कापडाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "तुम्ही तिकडून मांडलंत, मी इकडून वाचतेय!"

सगळे स्क्रू पुन्हा काढले, पुन्हा बसवले. कन्सोल खोक्यात शिरतो न शिरतो तोच दार वाजलं.

"दाजी, दार का लावलंय?"

"तूच म्हणालास ना लपवून ठेवा!"

भावाला धीर निघेना. चालतो का पाहावं म्हणून त्याने कन्सोल बाहेर काढला, तिथेच प्लग लावून बटण दाबलं. काहीच झालं नाही. काकूंनी काकांकडे पाहिलं, काकांनी छताकडे. मग दिवा लागला, पंखा हळूच फिरला.

"बघा दाजी," भाऊ म्हणाला, "याला अजून कोणाचा हात लागलेला नाही ना, म्हणून कसा गुपचूप चालतोय!"

काकांना ठसका लागला. काकूंनी पाणी दिलं.

हे माझं कौतुक झालं की अपमान, याचा मी अजून विचार करतो आहे. मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणं. स्क्रू अडला तर जोर लावू नका. त्याला मागे फिरवा आणि समोरच्याला विचारा, मांडताना तू कुठल्या बाजूला बसला होतास?