खांडेनवमीचं कुंकू

रविवारी चारला जुना अँप्लिफायर न्यायला भंगारवाला येणार, असं सुधींद्रने परस्पर ठरवून टाकलं, तेव्हा कृष्णाबाईंनी एवढंच विचारलं, "कुणाला विचारून?"

"आई, वर्ष झालं, डावा स्पीकर मुका आहे. बटण फिरवलं की पापड मोडल्यासारखं वाजतं. मेकॅनिकनंही हात टेकले. उजव्यावर किती दिवस ऐकणार?"

"उजव्यात नुसता बुवा आहे. तबला डाव्यात. वर्षभर बिचारा ठेक्याशिवाय गातोय, तुला कळलं तरी का?"

देशपांडे नगरातल्या त्या घरात अँप्लिफायर आला तो अठ्ठ्याहत्तर साली. यजमान विठ्ठलराव तो साफ करायला उघडत, तेव्हा वाटीत स्क्रू धरून बसायचं काम कृष्णाबाईंचं. हात लावायची परवानगी नव्हती. डोळ्यांना कोण अडवणार? पिन काढली तरी यंत्राच्या पोटात वीज राहते, दोन दिवस थांबावं, हेही तेव्हाच ऐकलेलं. म्हणून पिन त्यांनी शुक्रवारीच काढली.

रविवारी सकाळी झाकण निघालं. आत बोटभर धूळ. मऊ ब्रशने ती झाडली. मग आवाजाचं आणि स्पीकरांच्या तोलाचं, अशी दोन्ही बटणं उपसली, तर मागे लालपिवळा थर, दगडासारखा घट्ट.

सून दीपश्री वाकून बघत होती. "हे काय हो, गंज?"

कृष्णाबाईंनी नखाने खरवडून वास घेतला. "हळदकुंकू."

दर खांडेनवमीला यंत्राची पूजा. एकेका बटणावर चिमूट चिमूट, सत्तेचाळीस वर्षं. त्यांच्याच हाताने.

"यांना नका सांगू," दीपश्री हळूच म्हणाली. "जन्मभर चिडवतील."

"सांगणार. मी बिघडवलं, मीच नीट करणार. आण तो बटणं साफ करायचा स्प्रे."

थर खरवडून झाला. स्प्रेची बारीक नळी बटणांच्या मागच्या फटीत घातली, फवारा मारला आणि दोन्ही दांडे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले, पन्नास वेळा. मनगट भरून आलं. मग सगळं दुपारभर उघडं वाळत ठेवलं.

चारला भंगारवाला हणमंत गाडा घेऊन दारात. कृष्णाबाईंनी बटणं आणि झाकण बसवलं, पिन लावली, तबकडी लावली. उजवीकडे बुवा. डावीकडे काही नाही.

"झालं समाधान?" सुधींद्र म्हणाला. "हणमंत, उचल."

"हात लावलास तर बघ." दोन्ही स्पीकरांचा तोल सांभाळणारं बटण त्यांनी पुन्हा फिरवलं. दहा वेळा. वीस वेळा. सुधींद्र घड्याळ बघत राहिला. एकदा खर्र झालं आणि डाव्या कोपऱ्यातून तबला असा उठला, की दीपश्री दचकून बाजूला झाली.

हणमंत उंबऱ्यावर टेकला आणि देणार की नाही, ते कानडीत विचारू लागला. "अव्वा, कोडतीरेन्री, इल्लो?"

"कोडोदिल्ल," कृष्णाबाई म्हणाल्या. "देणार नाही. ऐकायचं तर बैस."

"आई, निदान आवाज तरी कमी कर. शेजारी काय म्हणतील?"

"म्हणू देत," असं म्हणत त्यांनी बटण आणखी पुढे फिरवलं.