दहा चाळीसला थांबलेला नकाशा

थंडर बे शहर संपतं आणि स्प्रूसची झाडं सुरू होतात, तिथे लेहतो कंपनीचं आवार आहे. चौतीस ट्रक, एक ऑफिस आणि मागे सीडरच्या फळ्यांची एक छोटी खोली. थोरल्या लेहतोंनी ती ड्रायव्हर लोकांना गरम वाफेत अंग शेकायला, सॉना म्हणून बांधली होती. ते गेल्यावर भट्टी निघाली आणि वरच्या बाकावर कंपनीचा सर्व्हर येऊन बसला. खोली कोरडी, खिडकी नाही, कुलूप भक्कम. कुठला माल कोणाचा, कुठल्या ट्रेलरमध्ये, कुठवर पोचला, सगळं त्या एका पेटीत होतं. आणि पेटीतलं सगळं हेल्वी सारिनेनच्या डोक्यात होतं.

हेल्वी एकसष्ट वर्षांची. बावीस वर्षं ती कंपनीची डिस्पॅचर होती. तिच्या होकाराशिवाय एक चाक हलत नसे.

त्या हिवाळ्यात आनिकाने विषय काढला. आनिका म्हणजे थोरल्या लेहतोंची मुलगी, आता मालकीण.

"सर्व्हर म्हातारा झालाय, हेल्वी. तसाच नवा आणायचा, की सगळं क्लाउडवर न्यायचं, ते महिनाअखेर ठरवून टाकू."

"क्लाउड म्हणजे ढगच ना? बाहेर बघ, आभाळभर फुकट पडलेत. त्यांच्या भरवशावर ट्रक सोडू म्हणतेस?"

"तुझ्या त्या लाकडी खोलीपेक्षा बरे."

"माझी पेटी मला दिसते तरी. हात लावला तर कोमट लागते. तुझे ढग कुठेयत, सांग ना."

आनिकाला ते नेमकं सांगता येईना. "क्युबेकमध्ये. बहुतेक."

"बहुतेक!" हेल्वी मनापासून हसली आणि वेलदोड्याच्या पुल्ला पावाचा मोठा तुकडा तिच्यापुढे सरकवला. "खा. भांडायला जोर लागतो."

शेवटी ठरलं असं की महिनाभर तीन ड्रायव्हरांना टॅब्लेट देऊन नवीन सॉफ्टवेअर चालवून बघायचं आणि जुनंही चालू ठेवायचं. त्या तिघांचा माल हेल्वी दोन्हीकडे नोंदवायची, कुरकुरत. गिऱ्हाइकांबद्दलच्या तिच्या टिपा मात्र तिने नव्या ठिकाणी उतरवल्या नाहीत. विचारलं की म्हणे, वेळ कुठेय.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी आनिका कामासाठी विनिपेगला गेली होती. सकाळपासून बर्फ पडत होतं. दहा चाळीसला ऑफिसातला इंटरनेटचा हिरवा दिवा विझला. फोन त्याच तारेवर, तोही गप्प. मोबाइलवर एकही दांडी उरली नाही. कुठेतरी केबल तुटली असणार. बाहेर पाहावं तर समोरचा ट्रकसुद्धा दिसेना. रस्ता, कुंपण, आभाळ सगळं एकच पांढरं होऊन गेलं होतं.

वीज मात्र होती आणि सर्व्हर चालू होता. हेल्वीच्या पडद्यावरच्या नकाशात सुपीरियर सरोवराच्या काठाकाठाने तिचे ट्रक ओळीने उभे होते. कोणी निपिगनला, कोणी टेरेस बेला. टॅब्लेटवाल्या तिघांपैकी लॉर्ना मिशानो मॅरेथॉन गावाच्या पुढे पूर्वेकडे निघालेली, गास्तों व्हाइट रिव्हरला, पश्चिमेकडे तोंड करून. सगळे दहा चाळीसला होते तिथेच, हलायचं विसरून गेल्यासारखे.

पहिला तासभर हेल्वी येरझारा घालत राहिली. मग कॉफी घेऊन ती मागच्या खोलीत गेली आणि खालच्या बाकावर बसली. तिथे उबदार होतं. फळ्यांना अजून सीडरचा वास येत होता आणि पेटी एका सुरात गुणगुणत होती. हेल्वीचे डोळे जड झाले. जागी होती की नाही, तिचं तिलाच कळेना. तिला वाटलं, बर्फाखाली तो सगळा रस्ता पसरलाय आणि ती एकेका ट्रकपाशी जाऊन काचेवर टकटक करतेय. आत दिवा आहे, ड्रायव्हर बसलेला आहे, पण मान वर करून कोणी बघत नाही. तिला प्रत्येकाचं नाव ठाऊक होतं, मागच्या मालाचं वजन ठाऊक होतं. सांगायचंही पुष्कळ होतं. तोंडातून शब्द निघत होते आणि बर्फ ते अलगद झाकून टाकत होतं. भीती वाटली नाही. उलट इतकं शांत वाटलं की त्या शांततेचीच तिला थोडी लाज वाटली.

तीन वाजता हिरवा दिवा लागला. हेल्वी धावत खुर्चीवर आली, आणि तिच्या डोळ्यांदेखत सगळे ट्रक एकदम उड्या मारून भलतीकडेच जाऊन बसले. गास्तों व्हाइट रिव्हरलाच होता, पण त्याचा ट्रेलर मॅरेथॉनला. त्याच्यापुढे लॉर्नाचा ट्रक!

तिने फोन लावला. "लॉर्ना! तू उलटी कशी फिरलीस? कोणाला विचारून?"

"जिवंत आहेस होय! आम्हाला वाटलं, गाडली गेलीस." लॉर्नाचा आवाज आरामात होता. "व्हाइट रिव्हरच्या पुढे रस्ता बंद केला. गास्तोंचं इंजिन सुरूच होईना. टॅब्लेटवर बघितलं, तर त्याच्याकडे मॅरेथॉनच्या दुकानाचं बाळांचं दूध. पश्चिमेचा रस्ता उघडा होता. म्हटलं, माझा ट्रेलर इथे ठेवते, त्याचा घेऊन जाते. तसं टॅब्लेटवर विचारलं, तू उत्तर दिलं नाहीस म्हणून ते आपोआप आनिकाकडे गेलं. विनिपेगहून तिने हो म्हटलं."

हेल्वीने पडद्यावरचे ते दोन ट्रेलर पुन्हा एकदा तपासले. हातातली कॉफी केव्हाच गार झाली होती.

"पण एक सांगते," लॉर्ना म्हणाली, "दुकानाच्या पुढच्या चढावर दीड तास अडकले. बर्फ नुसतं काचेसारखं. मग दुकानदार येऊन म्हणतो, मागच्या गल्लीतून का नाही आलीस, हेल्वीला माहितीये की."

हेल्वीला माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी तिनेच ते टिपून ठेवलं होतं. ते पेटीत होतं, त्या दिवशी तिच्या पाठीमागे चार हातांवर, आणि कोणाच्याही उपयोगाचं नव्हतं.

बुधवारी आनिका परतली. काही बोलायला तिने तोंड उघडलं, तोच हेल्वी म्हणाली, "ने तुझ्या ढगात. पण टिपा मी स्वतः उतरवणार, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. आणि रोज सकाळी त्या दिवसाच्या सगळ्या मालाची यादी इथे कागदावर छापून हवी. तार पुन्हा तुटली तर मी काय भिंतीकडे बघत बसू?"

"भांडणार नाहीस?"

"काल भांडले की दिवसभर. एकटीच."

टिपा उतरवायला सात आठवडे लागले. कुठल्या फाटकाशी कुत्रा असतो, कोण दुपारी झोपतो, कुठल्या पुलावर वारा आडवा लागतो. एप्रिलमध्ये लॉर्ना ऑफिसात कॉफी प्यायला बसली असताना हेल्वीने तिला एका वळणाबद्दल विचारलं. लॉर्नाने कप खाली ठेवला.

"तू कधी आलीच नाहीस ना तिकडे?"

"केव्हा येणार? ही खुर्ची सोडता येते होय?"

"आता येईल. तुझं सगळं टॅब्लेटवर आहे. चल माझ्याबरोबर. मधे माझ्या आईकडे जेवू, ती मासे तळते."

मे महिन्यातल्या एका सकाळी हेल्वी लॉर्नाच्या शेजारी उंच सीटवर बसली. मांडीवर टॅब्लेट, पायाशी पुल्ल्याची पिशवी. निपिगन ओलांडेपर्यंत तिने सहा ट्रक मार्गी लावले, एका ड्रायव्हरला उशिराबद्दल चांगलं झापलं. मग रस्ता डोंगरावर चढला आणि उजव्या हाताला सरोवर उघडलं. काठाशी अजून बर्फाचे तुकडे तरंगत होते. पलीकडे पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, कळत नव्हतं.

मांडीवर टॅब्लेट वाजला. हेल्वीचं लक्ष नव्हतं.

"अगं, वाजतंय," लॉर्ना म्हणाली.

"वाजू दे जरा," हेल्वी म्हणाली आणि काच खाली केली.