हरणांवर घातलेला आळ

अर्डिसचं घर आणि तिच्या धाकट्या भावाचं, वेंडेलचं घर मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकडीवर शेजारी शेजारीच होतं. नवरा गेल्यापासून दर जूनमध्ये अर्डिस टेकडीवरची काटेफुलांची रोपं मोजायची. पांढुरक्या पानांची ही रोपं आता फार थोडी उरली होती. त्यातलं एक वेंडेलच्या ओसरीखालीच होतं.

"यंदा कळ्या धरल्यात बघ. आठ वर्षं थांबलंय बिचारं. एकदा फुलेल आणि मरेल."

"नवऱ्यावर नव्हता एवढा जीव आहे तुझा त्याच्यावर!"

"नवरा कुठे एवढा गुणी होता?"

वेंडेलचे गुडघे गेले होते. त्याला पाण्यापर्यंत लाकडी जिना हवा होता आणि सोमवारी जागा बघायला सरकारी माणूस येणार होता. जिना नेमका त्या रोपावरून जाणार होता, आणि कायद्याने जपलेलं ते रोप त्याला दिसलं असतं तर परवानगी मिळाली नसती. रविवारी अर्डिस चर्चला गेल्यावर वेंडेलने रोप ओढलं. मूळ काही केल्या सुटेना. शेवटी त्याने देठ पिरगळून तोडला आणि कळ्यांसकट पाण्यात भिरकावला.

दुपारी अर्डिस त्या खुंटापाशी मटकन बसली. "मेल्या हरणांनी खाल्लं रे!"

तेव्हा गप्प राहिला असता तरी चाललं असतं. पण तो म्हणाला, "हो, सकाळी दोन दिसली होती खरी."

मग शहात्तर वर्षांच्या अर्डिसने उरलेल्या प्रत्येक रोपाला तारेची जाळी बसवली. भर उन्हात ती जाळी धरायची आणि वेंडेल खुंट्या ठोकायचा. "तू आहेस म्हणून होतंय हे," ती म्हणायची, आणि त्याचा हातोडा चुकायचा.

पुढच्या हिवाळ्यात तिला अर्धांगाचा झटका आला. आज सांगायचंच, असं ठरवून तो इस्पितळात गेला.

"अर्डिस, ती हरणं..."

"जाळ्या," ती जड जिभेने म्हणाली, "नीट आहेत ना?"

"आहेत गं."

तिसऱ्या दिवशी ती गेली.

वसंतात तिची मुलगी कोरीन घर आवरायला आली, तेव्हा वेंडेलने तिला सगळं सांगून टाकलं. हातातली बशी कागदात गुंडाळता गुंडाळता ती थांबली.

"आईला कळलं होतं?"

"नाही."

"मग आता मला कशाला सांगितलंस, मामा?"

वेंडेलने पुढचा कागद तिच्याकडे सरकवला. कोरीनने बशी खोक्यात ठेवली आणि दुसरी उचलली.