कडुनिंब दारावर, बातमी माझ्यावर

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, पण जन्माने फळा नाही. आधी मी दार होतो. पाचोऱ्याच्या पलीकडे एका लहानशा गावात चुडामण नाना नावाचे शेतकरी राहतात. त्यांच्या कापसाच्या कोठीला दोन दारं होती, त्यातलं डावं दार मी. कापूस भरला की मला लावायचे, विकला की उघडायचे. बाकी वर्षभर मला काम असं नव्हतंच. त्यामुळे मला एक खोड लागली. रस्त्याने कोण आलं, कुठे निघालं, गाठोड्यात काय नेतंय, हे सगळं मला कळलंच पाहिजे असं वाटायचं. ती खोड अजून गेलेली नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील, तेव्हा गावात बालवाडी निघाली. चावडीशेजारची खोली त्यासाठी मिळाली. जळगावहून सुनंदाबाई नावाच्या तरुण शिक्षिका आल्या. त्यांनी नानांकडे फळ्यासाठी लाकूड मागितलं. नानांनी नुकतीच कोठीला पत्र्याची दारं बसवली होती, म्हणून मी रिकामाच पडलो होतो. कौतिक मिस्त्रींनी मला अर्धं कापलं, रंधा मारला, चौकट ठोकली. कोळशाची पूड आणि पानांचा रस चोळून चोळून मला काळंभोर केलं. कडी होती तिथलं भोक मात्र बुजलं नाही. मुलं त्यात बोट घालून बघायची आणि मला गुदगुल्या व्हायच्या.

मला वाटलं, आता आपल्याला खोलीत लावतील, रोज गाणी ऐकायला मिळतील. पण खोलीत तालुक्याहून आलेला एक गुळगुळीत फळा आधीच ऐटीत बसला होता. मला सुनंदाबाईंनी बाहेर टांगलं, दाराच्या अगदी शेजारी, रस्त्याकडे तोंड करून. माझ्यावर त्या मुलांच्या आईबापांसाठी बातम्या लिहीत. ऋतू बदलला की बातमी बदलायची. पावसाळ्यात पाणी उकळून पाजा, वेचणीच्या दिवसांत बालवाडी लवकर उघडेल, थंडीत पोरांना शेकोटीजवळ एकटं सोडू नका, असं काहीबाही असायचं.

आता तुम्ही विचाराल, मला हे कसं ठाऊक? तीच तर माझी पंचाईत होती. स्वतःच्या छातीवर काय लिहिलंय ते फळ्याला दिसत नाही. खडू फिरला की मला फक्त खाजवल्यासारखं व्हायचं. मग मी वाट बघत बसायचो, कोणीतरी येईल आणि मोठ्याने वाचेल. गावात वाचता येणारे फारसे नव्हते. बाया डोक्यावर टोपली घेऊन पुढून निघून जायच्या. वाचायचे ते एकटे चुडामण नाना. चष्मा पुसून, घसा साफ करून ते माझ्यापुढे उभे राहत आणि चार माणसं जमवून वाचत. त्यांची तऱ्हा अशी की अर्धं वाचायचे आणि अर्धं पदरचं घालायचे. ‘मुलांना घोंगडी द्या’ हे लिहिलेलं असे, आणि ‘यंदा थंडी जबर पडणार, हरभरा चांगला येणार’ हे नानांचं. तरी मला ते फार आवडायचे. त्यांच्यामुळेच मला कळायचं की आज मी काय सांगतोय.

बालवाडीत येणाऱ्यांपैकी मला सगळ्यात ओळखीची झाली ती कमलबाई. तिचा नवरा झुलाल नानांकडे सालदार होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर एका घरी राबणारा गडी. कमलबाई रोज दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायची. तिला एकच मुलगी होती, पमा, तीन वर्षांची. बालवाडी नव्हती तेव्हा ती पमाला शेतात नेऊन बांधावरच्या झाडाखाली ठेवायची. एकदा ती वेचणीत गुंतलेली असताना पमा चालत चालत विहिरीच्या काठापर्यंत गेली होती. कोणीतरी ओरडलं म्हणून पोर वाचली. ही गोष्ट कमलबाईने सुनंदाबाईंना माझ्यासमोरच सांगितली. सांगताना तिने पमाचा हात इतका घट्ट धरला होता की पमा ‘आई गं’ म्हणाली.

म्हणून कमलबाईला बालवाडी हवीच होती. पण सगळ्यांना तशी गरज नव्हती. कापसाचे दिवस संपले की बऱ्याच आया पोरांना घरीच ठेवायच्या. फाल्गुनात विकास गटाचे साहेब आले, तेव्हा खोलीत मोजकीच मुलं होती. साहेब दारात थांबून सुनंदाबाईंना म्हणाले, “पुढच्या खेपेलाही असंच असेल, तर बाई, ही बालवाडी आणि मुलांना मिळणारी दुधाची भुकटी दुसऱ्या गावाला द्यावी लागेल. तिकडून मागणी आहे.” संध्याकाळी हे कमलबाईच्या कानावर गेलं, तेव्हा ती बराच वेळ माझ्याखाली भिंतीला टेकून बसली होती. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं.

चैत्रात निरोप आला की साहेब उद्या दुपारी येणार. सुनंदाबाईंनी कंबर कसली. खोली शेणाने सारवली, रांगोळी काढली. ऊन मी म्हणत होतं. मुलांना गारवा मिळावा, माशा येऊ नयेत आणि दार शोभून दिसावं, म्हणून त्यांनी चावडीजवळच्या कडुनिंबाच्या डहाळ्या आणून दाराच्या चौकटीला ओळीने बांधल्या. मग मला पुसून माझ्यावर उन्हाळ्याची बातमी लिहिली. यावेळी बरंच लिहिलं असावं, कारण खाज वरपासून खालपर्यंत सुटली. पण वाचणार कोण? चुडामण नाना लग्नाला भुसावळला गेलेले. मला चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोजची वेळ झाली आणि एकही मूल आलं नाही.

त्याऐवजी सुगंधाअक्का आल्या. गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या. चपला त्यांनी लांबच काढल्या होत्या. हातात दही-भाताची वाटी आणि पाण्याचा तांब्या. त्यांनी उंबऱ्यावर पाणी ओतलं, वाटी माझ्याखाली ठेवली, हात जोडले आणि पुटपुटल्या, “माय, थंड हो. पोरेसवर नजर ठेव.” मग मागे न बघता निघून गेल्या. पाठोपाठ आणखी दोघी आल्या. त्यांनीही तेच केलं. मला काही उमगेना. खरं सांगू का मित्रांनो, मला वाटलं, माझ्यावरची बातमी इतकी चांगली आहे की बाया माझी पूजा करताहेत! मी जरा ताठसुद्धा झालो.

सुनंदाबाई आतून बाहेर आल्या. तीन वाट्या दही-भात बघून त्याही चक्रावल्या. त्यांनी रस्त्यावर नजर टाकली. समोरच्या भिंतीच्या सावलीत कमलबाई उभी होती. पमा कडेवर, डोळ्यांत पाणी. तिथूनच तिने विचारलं, “बाई, कोना पोरले शे?”

“काय गं? कोणाला काय आहे?”

“दारले निंब लायेल शे ना! माता कोनाकडे उनी?”

तेव्हा कुठे उलगडा झाला. आमच्या भागात घरात माता आली, म्हणजे कोणाच्या अंगावर देवीचे फोड उठले, की दाराला कडुनिंब बांधतात. तो बघितला की परकं माणूस आत पाऊल टाकत नाही. देवीला थंड वाटावं म्हणून पाणी आणि दही-भात ठेवतात. आणि त्याच आठवड्यात शेजारच्या गावात साथ आल्याची बोलवा होती. सुनंदाबाईंनी कपाळाला हात लावला. “अगं बाई, हे माझ्या लक्षातच आलं नाही! कोणाला काही झालेलं नाही. मी गारव्यासाठी बांधला. फळ्यावर लिहिलंय ना तसं!”

“फयावर लिखेल कोन वाचस, बाई? नाना गावले गयात. आम्ही ते दार दखतस.”

फळ्यापेक्षा दाराला मान! मी दार होतो तेव्हा हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण ती वेळ खूश होण्याची नव्हती. सुनंदाबाई डहाळ्या ओढून काढायला धावल्या, तशी कमलबाई ओरडली, “हात नका लावा! लायेल निंब आसा काढतस का? आखो घाबरतीन लोके!”

तिचं बरोबर होतं. देवी गेल्याशिवाय निंब उतरवला, तर लोकांनी पुढचे महिनाभर पोरं पाठवली नसती. आणि साहेब तर दुपारी यायचे होते. सुनंदाबाई उंबऱ्याजवळ बसून राहिल्या. “आता गेली बालवाडी,” एवढंच त्या म्हणाल्या.

कमलबाई भिंतीजवळून हलली नाही. ती निंबाकडे बघत होती, मग पमाकडे, मग पुन्हा निंबाकडे. लहानपणापासून जे बघून ती मागे फिरत आली, त्याच्या खालून लेकीला न्यायचं होतं. तिने पुन्हा विचारलं, “खरंज नही ना काही? मनी येकच पोर शे.”

“खरंच नाही, कमल. देवाशप्पथ.”

कमलबाईने रस्ता ओलांडला. पण ती लगेच आत गेली नाही. ती सुगंधाअक्कांच्या घरासमोर जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने हाका मारू लागली. अक्का आल्या, शेजारणी आल्या, त्यांची पोरं पदराआडून डोकावू लागली. सगळ्यांच्या देखत कमलबाई पमाला कडेवर घेऊन परत आली. “दखा, मनी पोर मझार जाई राह्यनी. माता व्हती ते मी तिले धाडतू का?” निंबाच्या डहाळ्या दोघींच्या केसांना लागल्या आणि त्या आत गेल्या. मग कमलबाई बाहेर आली, माझ्याखालची एक वाटी उचलली आणि आत जाऊन पमाला भरवायला बसली. मला आतलं दिसत नाही, पण पमाचं मचमच खाणं चांगलं ऐकू आलं.

बाहेरच्या बाया उंबऱ्यापर्यंत येऊन आत डोकावल्या. मग सुगंधाअक्का म्हणाल्या, “मंग मना दही-भात फुकटज गया का?”

आणि जो हशा पिकला म्हणता! पोरं धावत आत शिरली. त्यांच्यामागे कमलबाईचा पराक्रम बघायला आयाही आल्या. दुपारी साहेब आले तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मुलं दही-भात खात होती आणि अक्का आणखी कालवत होत्या. साहेबांनी सगळी हकीकत ऐकली, हसून हसून टोपी काढली आणि जाताना म्हणाले, “बालवाडी इथंच राहील.” कमलबाईने पदराने डोळे पुसले. मीही फार फार आनंदलो.

त्यानंतर सुनंदाबाईंनी आपली रीत बदलली. नवी बातमी लिहिण्याआधी त्या अक्कांना आणि कमलबाईला विचारायच्या. आणि लिहून झाली की बाजाराला निघालेल्या बायांना थांबवून स्वतः मोठ्याने वाचायच्या. माझीही सोय झाली.

मग आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. माहेरी आलेल्या लेकी झोके बांधून गाणी म्हणत होत्या. पण आमच्याकडे याच दिवशी सालदारांचं वर्षही संपतं. नानांनी यंदा एक गडी कमी केला आणि झुलालने दूरच्या एका गावी नवी बोली केली. त्या गावात बालवाडी नव्हती. कमलबाईला कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी आमच्या दारासमोर थांबली. भांडी, गोधड्या, एक कोंबडी, एवढाच संसार. कमलबाई सुनंदाबाईंचा निरोप घ्यायला उतरली. पमाही उतरली आणि रोजच्यासारखी सरळ आत जाऊन आपल्या जागेवर बसली. मुलांचं गाणं सुरू होतं, त्यात तिचाही आवाज मिसळला.

“चाल व, उशीर व्हई राह्यना,” झुलाल बाहेरून म्हणाला.

कमलबाई आत गेली. “ऊठ, माय.”

“मी आठेज बससू,” पमा म्हणाली. तिला इथेच बसायचं होतं.

कमलबाईने तिला उचलून बाहेर आणलं. पमा रडली नाही. आईच्या खांद्यावरून ती दाराकडे बघत होती आणि तिचं गाणं चालूच होतं. गाडी वळेपर्यंत मला ते ऐकू आलं. जिने बालवाडी वाचवली, तिलाच ती मिळाली नाही. मला त्या दिवशी पहिल्यांदा रस्त्याकडे बघवेना.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला, बालवाडीला पक्की इमारत मिळाली, भिंतीवर सिमेंटचा फळा आला. मी तिच्याच पडवीत टेकून उभा आहे. एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे आणि शेळी मला अंग घासते. कोणी मला एकदा काळं केलं तर बरं होईल, पण ते राहू द्या. दर आखाजीनंतर गावात नवे सालदार येतात, आणि मी रस्त्याकडे डोळे लावून बसतो. त्यांची पोरं दारापाशी येऊन उभी राहतात. आत गाणं चाललेलं असतं, पण त्यांना बोलवायला कोणी उठत नाही. मला हाक मारता येत नाही, मित्रांनो. तुम्हाला येते. असं मूल तुमच्या दाराशी दिसलं तर बाहेर या, त्याचं नाव विचारा आणि त्याला आपल्या शेजारी बसवा. आमची पमाही कुठल्यातरी दाराशी तशीच उभी राहिली असेल.