आत्याच्या बाजूचा ब्रेक

घरात तिला सगळे तोफ म्हणायचे, आणि शाळेची वादविवाद स्पर्धा जिंकल्यापासून तर ही तोफ दिवसरात्र धडाडत होती. त्यातच आरोग्य आणि कायदा या विषयावरच्या एका त्रैमासिकाने शाळकरी मुलांसाठी दोन पानं राखून ठेवल्याचं तिला कळलं. मग काय! तीन रविवार खोलीचं दार लावून तिने लेख लिहिला, ‘रुग्णाला कोणी विचारलं?’, आणि दिला पाठवून.

लेख आत्याच्या ऑपरेशनवर होता. आत्याच्या पित्ताशयात खडे झाले होते. सर्जन आले, आत्याच्या खाटेशी उभे राहिले आणि सगळं काही नीट समजावून सांगितलं... बाबांना! पोट आत्याचं, खडे आत्याचे, आणि मान डोलावत होता तिचा भाऊ. ज्याच्या शरीराला हात लावायचा त्यालाच आधी विचारायला हवं, असं तोफेने लेखात ठणकावून सांगितलं होतं.

गुरुवारी शाळेतून आल्या आल्या तिने मेल उघडली. संपादकबाईंचं उत्तर! ‘लेख आवडला, घ्यायची इच्छा आहे’ एवढं वाचून तोफ पलंगावर उड्या मारायला लागली. चौथ्या उडीला पुढची ओळ दिसली. ‘लेखातल्या रुग्णाला तुम्ही विचारलंत का? त्यांनी लेख वाचून दिलेली लेखी संमती उद्या संध्याकाळपर्यंत हवी. ती नसेल तर लेख घेता येणार नाही.’

तोफ मटकन खाली बसली. तिने जगाला विचारलं होतं, आत्याला सोडून!

“एवढंच ना?” बाबा चहा ढवळत म्हणाले. “आण इकडे, मी करतो सही. माझी बहीणच आहे की.”

“बाबा! अख्खा लेख त्याच्यावरच आहे!”

“कशावर?”

“तुमच्यावर!”

बाबांनी चमचा तोंडात धरला.

आत्या ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. भले भले तिच्या शेजारी बसून घामाघूम व्हायचे. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच तोफ लॅपटॉप आणि संमतीपत्र छातीशी धरून सरावाच्या मैदानावर पोचली. आत्याने तिला स्टिअरिंगसमोर बसवलं, स्वतः बाजूच्या सीटवर बसली आणि म्हणाली, “वाच. गाळायचं काही नाही.”

तोफ वाचू लागली. आत्या मध्येमध्ये हसत होती.

“अठ्ठेचाळीस कशाला लिहिलंस गं? पंचेचाळीस कर.”

“कायद्याच्या मासिकात खोटं चालत नाही, आत्या.”

“मग वयच उडव. पुढे?”

पुढे तो परिच्छेद होता. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी आत्याने तोफेचा हात घट्ट धरला होता आणि लहान मुलीसारखं विचारलं होतं, “येईन ना गं मी परत?” तोफेने तो वाचून संपवला. वर पाहिलं तर आत्या काचेबाहेर बघत होती.

“हे काढ.”

“आत्या, नाव नाहीये तुझं!”

“ड्रायव्हिंग शिकवणारी बाई या गावात दुसरी दाखव मला.”

“पण सगळ्यात भारी तेच आहे!”

“असेल. ते मी तुझ्या कानात बोलले होते, मासिकाच्या नाही.” आत्याने पायाशी बोट दाखवलं. तिच्या बाजूलाही एक ब्रेक होता. “गाडी शिकणारा चालवतो. पण हा इथे कशाला बसवलाय, सांग बघू?”

तोफेचं तोंड एवढंसं झालं. हा परिच्छेद गेला तर लेखात राहणार काय? कोरडी भाषणबाजी! आणि मग संपादकबाई तरी कशाला घेतील? तिने एकदा आत्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. मग डोळे घट्ट मिटून परिच्छेद पुसून टाकला.

“गेला,” ती पुटपुटली.

“बघू.” आत्याने स्वतः खालीवर करून खात्री केली. मग लॅपटॉप परत तिच्या मांडीवर ठेवला. “आता लिही. डॉक्टरांनी मला विचारलं असतं ना, तर मी काय विचारणार होते ते सांगते. क्लच दाबताना टाके ओढतील का? सीटबेल्ट नेमका जखमेवर येतो, त्याचं काय करू? आणि माझे नऊ शिकाऊ परीक्षेला बसायचेत, त्यांना कधीची तारीख देऊ? तुझ्या बाबाला यातलं एक तरी सुचलं असतं का?”

तोफेची बोटं पळत होती. “अजून सांग, अजून!”

संमतीपत्रावर सही करायला आत्या स्टिअरिंगवर वाकली, कोपर हॉर्नवर पडलं, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एका शिकाऊ काकांची गाडी दचकून बंद पडली. सही वाकडी आली, पण आत्याचीच होती. तोफेने फोटो काढून तिथूनच सगळं पाठवलं.

अंधार पडायच्या आत उत्तर आलं. ‘घेत आहोत. शेवटचे प्रश्न सर्वांत आवडले. ते कुणाचे?’

तोफ उत्तर लिहिणार, तोच थांबली.

“आत्या, तुझे आहेत म्हणून सांगू?”

आत्याने गाडी सुरू करायची खूण केली. “आत्ता कसं विचारलंस! सांग. आणि वय विचारलं तर म्हणावं, ब्रेक!”